ढवळदऱ्याची जनावरं आपणहून आत गेली

भामाबाई, फाटकासमोर

आज लिलाव होता, तरी भामाबाईने सकाळी डेऱ्यात रवी घातलीच. घर वर ढवळदऱ्यात आणि डेरा इथं खाली, पालवण गावाच्या शिवेवर, सरकारी कोंडवाड्याच्या फाटकासमोर. जिथं म्हशी तिथं डेरा. आणि म्हशी तर आत होत्या. म्हशी, गाई, शेरडं, एक लंगडी कालवड, ढवळदऱ्याच्या धनगरवाड्यावरचं झाडून सगळं.

कुणी पकडून आणलेलं नव्हतं. वाड्यावरच्या बायांनी ती स्वतः डोंगर उतरवून आणली होती. त्या दिवशी कोंडवाड्यावरच्या कुंडलिकाने फाटकातून डोकं बाहेर काढून विचारलं होतं, "कुणाची धरली?"

"समद्यांची," भामाबाईची सून चंद्राबाई म्हणाली होती.

"धरली कुणी पर?"

"आमीच. पठारावर चरली. चुन्याच्या दगडापल्याड. गुन्हा झाला न्हवं? घ्या आत."

कुंडलिकाची सगळी नोकरी चुकार जनावरं आत घेण्यात आणि धनी दंड भरायला आला की ती बाहेर सोडण्यात गेली होती. आपणहून चालत आलेलं खिल्लार त्याने कधी पाहिलं नव्हतं. त्याने टोपी काढून डोकं खाजवलं. मग दार उघडलं, कारण न उघडायचा नियम त्याला आठवेना.

ते चुन्याचे दगड आता दोन वर्षं जुने झाले होते. पठारावरचं कुरण ढवळदऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या चारलेलं. संस्थान होतं तेव्हा त्याबद्दल वर्षाचं तूप पोचवावं लागे आणि शिकारीच्या वेळी हाकारे घालायला जावं लागे. संस्थान गेलं. तूप थांबलं, हाकारे थांबले, लोकांनी गूळ वाटला. मग एके दिवशी जंगलखात्याची माणसं आली, कुरणाच्या तोंडाशी दगड रोवून त्यांना चुना फासून गेली, आणि कुरणही थांबलं. त्यानंतर आज दोन जनावरं धरायची, उद्या चार. दंड भरा, सोडवा. पुन्हा धरायची. दर वेळी दंड भरताना अंगठा उठवायचा, की होय, गुन्हा केला.

या खेपेला कुणी सोडवायला गेलं नाही.

जनावरं आत असली की वैरण सरकारने घालायची, पाणी सरकारने पाजायचं. धारा मात्र बायाच काढत, कारण म्हशी कुंडलिकाच्या हाताला पान्हा सोडत नव्हत्या. त्याने एकदा प्रयत्न करून पाहिला होता. त्याची बादली अजून चेपलेली होती.

म्हणून बाया इथंच राहिल्या. इथंच चुली मांडल्या, इथंच ताक झालं, आणि ते ताक पालवणात दारोदार फुकट गेलं. आणि आज मुदत संपली होती. धनी आला नाही तर लिलाव, असा कायदा.

भामाबाई दोर ओढत राहिली. आतून भुरी म्हैस रेकली. तिला ती ओरड ओळखू आली आणि हात क्षणभर ढिला पडला, तेवढाच.

रायबा, असं सुरू झालं

हैबती आणि भामाबाईचा मुलगा रायबा पुण्याला भुसार बाजारात पोती उचलायचा. संयुक्त महाराष्ट्रासाठी माणसं तुरुंगात जात होती, ती त्याने पाठीवर पोतं घेऊन रस्त्याच्या कडेनं पाहिली होती. शिमग्याला घरी आला तेव्हा जेवताना सांगू लागला.

"आपणहून जात्यात. पोलिसाच्या गाडीत चढाया ढकलाढकली. सायेब म्हनतो पुरं, आता जागा न्हाई, तर मागली माणसं भांडत्यात, आमाला का न्हाई नेत म्हनून."

"मंग?" हैबतीने विचारलं.

"मंग काय? तुरुंग भरला. लांब कुठंतरी नेऊन सोडत्यात. ही परत चालत येत्यात आन पुन्यांदा गाडीत चढत्यात. सायेब रडकुंडीला आला."

सगळे हसले. चंद्राबाई चुलीपाशी भाकरी थापत होती, ती हसली नाही. तिचा हात परातीत थांबला.

"कोंडवाड्यात जनावरं किती मावत्यात वो?" तिने विचारलं.

इतकंच. पुढं ही गोष्ट वाड्यावाड्यावर गेली, मार्गासनीच्या बाजारात गेली, आणि रायबा ती सांगताना 'मला सुचलं' असं म्हणू लागला. भामाबाई दर वेळी त्याला मधेच थांबवायची. "तुला न्हाई. हिला."

उंबराखाली, फक्त बोलणं

(लिलावाला अजून वेळ आहे. कोंडवाड्यासमोरच्या उंबराखाली घर जमलं आहे. हैबतीचा धाकटा भाऊ सावळा आत्ताच आला. तो डोंगरापलीकडं ठेकेदाराच्या कोळशाच्या भट्टीवर कामाला असतो. अंगावर अजून काजळी आहे.)

सावळा: दादा, जंगलखात्याचा सायेब काल भट्टीवर आला हुता. म्हनला, तुज्या वाटणीची जनावरं दाखव, तेवढ्याचा दंड भर, घिऊन जा. लिलाव उरलेल्यांचा.

हैबती: दंड कशानं भरनार?

सावळा: ठेकेदार देतोय. मजुरीत फेडीन.

चंद्राबाई: ठेकेदाराला लईच माया आली म्हनायची.

सावळा: सुनंनं मधी बोलू न्हाई.

भामाबाई: बोलू दे. जनावरं तिनं हाकत आणली. तू कुठं हुतास तवा?

सावळा: भट्टीवर. घरात कुनीतरी कमवाया नगं?

रायबा: काका, एकानं जरी दंड भरला तरी समदं मोडलं. सायेब तेवढ्याचीच वाट बघतोय. तुमचा अंगठा दाखवून बाकीच्या वाड्यांस्नी म्हननार, बघा, ढवळदऱ्यानं बी कबूल केलं.

सावळा: तू गप रं पुणेकर. तुजं पोट पोत्यावर हाय. माज्या पोरांचं म्हशीवर.

रायबा: माजी आय हितं मातीत झोपती, दिसत न्हाई का तुमाला?

सावळा: तिला कुनी सांगितलं झोपाया? वैनी, तुमीच सांगा. कुनी बोली बोलली तर? किकवीकडनं दलाल आलाय. ट्रक घिऊन आलाय, बघितला न्हाई? गावकरी बोलनार न्हाईत, मान्य. त्यो बोलंल की. मंग काय करनार? ट्रकामागं पळनार?

(भामाबाई ट्रकाकडं बघते.)

सावळा: बघा. हाय का उत्तर?

चंद्राबाई: न्हाई.

सावळा: आं?

चंद्राबाई: उत्तर न्हाई म्हनलं. जात्याल तर जात्याल. पर रोज दोन-दोन करून गेलीच असती की, धाकलं मामंजी. आता निदान आपुन बघतोय तरी.

सावळा: ऐका! ही घर चालवनार! दादा, मला वाटणी द्या.

भामाबाई: काय म्हनलास?

सावळा: वाटणी. आत्ता, लिलावाच्या आधी. माज्या वाट्याची म्हस मला कुनाच्या सत्याग्रहात घालवायची न्हाई.

भामाबाई: सावळा, तुज्या तोंडातनं...

हैबती: घे.

भामाबाई: अवो!

हैबती: घिऊ दे त्याला. सावळा, म्या आडवा येत न्हाई. तुजी कुठली, माजी कुठली, म्या सांगनार न्हाई. आत जा आन तुज्या हातानं वेगळी कर. तू करशील ती वाटणी मला मान्य.

(सावळा उठून जातो. हैबती दुसरीकडं बघत राहतो.)

भामाबाई: हे काय केलंत?

हैबती: आडवलं असतं तर गेला नसता का? गेलाच असता. रात्री गेला असता.

आनंदराव, खाचराच्या बांधावर

पालवणचे आनंदराव काही धनगरांवर माया करणारे नव्हते. त्यांच्या वडिलांनी ढवळदऱ्याची जनावरं पिकातून हाकलून याच कोंडवाड्यात किती वेळा घातली असतील. त्यांना आज सकाळी चिंता होती ती राबाची.

भाताचं रोप जिथं टाकायचं त्या तुकड्यावर आधी कवळ पसरायची, म्हणजे जंगलातून छाटून आणलेल्या फांद्या. तिच्यावर शेण, पालापाचोळा, वर माती, आणि मग सगळं भाजून काढायचं. तो राब. राबाशिवाय टाकलेलं रोप पिवळं पडून बसतं. चैत्र सरत आला होता आणि आनंदरावांचा राब उघडा होता. कवळ चुन्याच्या दगडापलीकडं अडकली होती. शेण दरवर्षी ढवळदऱ्यावरून भाताच्या बदल्यात यायचं. ते यंदा कोंडवाड्यात होतं आणि कुंडलिक ते कुणाला उचलू देत नव्हता.

"सरकारी कोंडवाड्यात पडलेलं शेण सरकारी," असं तो काल त्यांना म्हणाला होता.

"मग सरकार भात लावणार का?"

"ते मला काय ठावं? मला वैरणीचं सांगा. माझी सगळी वैरण संपली, वरून पैसे येईनात, आन ह्या म्हशी माझ्याकडं असं बघत्यात जनू मीच चोर."

आनंदराव बांधावरून गोठ्याकडं आले आणि त्यांनी बैलाचं दावं सोडलं. त्यांची बायको सगुणाबाई दारात आली.

"कुठं निघाला बैल घिऊन?"

"कोंडवाड्यात."

"का? त्यानं काय केलं?"

"पठारावर चरला."

"आपला? कवा चरला ह्यो पठारावर?"

"कवातरी चरलाच आसंल."

सगुणाबाई त्यांच्याकडं बघत राहिली. पालवणच्या सरळमार्गी माणसाने आपल्या बैलावर खोटा आळ घेतलेला तिने पहिल्यांदा पाहिला. मग ती पदर खोचून म्हणाली, "थांबा. गाईला बी न्ह्या. दोगं संगंच चरली आसतील."

सावळा, आत

कडुनिंबाखाली टेबल मांडलं होतं. एक खुर्ची सर्कलसाहेबाची, एक जंगलखात्याच्या साहेबाची. दवंडी झाली होती आणि माणूस जमला होता: पालवणचा, विंझरचा, वरच्या सगळ्या वाड्यांचा. दलाल ट्रकला टेकून विडी ओढत होता.

"सावळा कोण?" जंगलखात्याच्या साहेबाने विचारलं. "जा आत. तुझी दाखव, दंड भर, मोकळा हो."

कुंडलिकाने फाटक किलकिलं केलं. सावळा आत शिरला.

त्याच्या मनात हिशेब पक्का होता. भुरी म्हैस, तिची रेडी, एक गाय, चार शेरडं. जास्त नको, आपल्या पोरांपुरतं. कंबरेला ठेकेदाराने दिलेलं पैशांचं पुडकं होतं.

जनावरं वळली. त्याला बघून नव्हे, वासाने. काजळीच्या आतला वास त्यांना लागला आणि ती त्याच्याभोवती दाटली. सावळाने भुरीच्या पाठीवर हात ठेवला. ही माझी. हिची आजी वैनीबरोबर तिच्या माहेराहून आली. त्या वर्षी आपली आई गेली होती आणि आपण एवढेसे होतो. वैनी एका हाताने त्या म्हशीची वेसण धरी आणि दुसऱ्या कडेवर आपण. तिचं दूध वैनीने आपल्याला पाजलं. मग ही माझी की वैनीची?

राहू दे. गाय घेऊ. पांढरी. हिला दरीच्या तोंडाशी बिबट्याकडून सोडवली ती आपण, आपल्या कुऱ्हाडीने. ती आठवण तर खास आपली. आणि बिबट्या उलटला तेव्हा मधे शिरला तो दादा. दादाचा डावा हात अजून सरळ होत नाही.

रेडी? तिला भुरीपासून कसं तोडायचं?

लंगडी कालवड कुणालाच नको, ती तरी घ्यावी. पण ती पाय मोडून ओढ्यात पडली तेव्हा तिला खांद्यावर घालून घरी आणली ती या चंद्राने. नवी नवरी होती. हिरव्या चुड्याला रक्त लागलं होतं.

त्याने जिथं म्हणून हात ठेवला तिथं आधीच कुणाचा तरी हात होता. तो एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत गेला आणि परत आला. बाहेरून साहेब ओरडला, "झालं का?" सावळाला ओरड ऐकू आली, पण काय झालं पाहिजे तेच त्याला आता कळेना. ठेकेदाराचा माणूस फाटकाच्या फटीतून बोटाने खुणावत होता: भुरी, भुरी घे, ती चांगली.

त्या बोटाचा त्याला राग आला. इतका वेळ कशाचाच आला नव्हता, तो त्या बोटाचा आला.

बाहेर आला तेव्हा त्याच्यामागं एकही जनावर नव्हतं.

"दाखव," साहेब म्हणाला. "तुझी कुठली?"

"समदी."

"सगळ्यांचा दंड भरतोस?"

लोक हसले.

"न्हाई सायेब. आमची वाटणी झालेली न्हाई."

"मग आता कर ना! त्याचसाठी तुला आत सोडला."

"मगापासनं तेच करत हुतो," सावळा म्हणाला. "न्हाई जमत."

त्याने कंबरेचं पुडकं काढून ठेकेदाराच्या माणसाच्या हातात ठेवलं. त्याची भट्टीवरची नोकरी तिथंच गेली, हे त्याला आणि तिथल्या सगळ्यांना एकदमच समजलं. मग तो उंबराकडं चालत आला. हैबतीने पागोटं सोडून पुन्हा बांधायला घेतलं होतं आणि ते काही केल्या बसत नव्हतं. रायबा उठून उभा राहिला होता.

"उन्हाचा आलास," भामाबाई म्हणाली. "ताक घेतोस?"

"घेतो."

चंद्राबाईने वाडगा भरून दिला. देताना तिने पदर सावरला आणि वाकून त्याच्या पायाला हात लावला. सावळा गडबडला. थोडं ताक सांडलं.

"बरं बरं," तो म्हणाला. "पर मधी बोलत जाऊ नगंस."

"बोलनार," ती म्हणाली.

बोली

"म्हैस, भुरी, दुभती. बोली बोला."

 

"बोली बोला!"

 

"अरे, कुणी आहे का?" सर्कलसाहेबाने विचारलं.

 

दलालाने विडी टाकली. खाकरला. त्याला वाटलं, लोक अडवतील, शिव्या देतील, आणि त्याची त्याला सवय होती. पण लोक नुसते त्याच्याकडं बघत होते, पाहुण्याकडं बघावं तसे. एका म्हातारीने त्याला बसायला घोंगडीसुद्धा टाकली होती. त्याने हळूच कुंडलिकाला विचारलं, "रस्त्यात पाण्याला थांबलो तर पाजतील ना कुणी?"

"हितनं हमरस्त्यापतूर?" कुंडलिकाने विचार केला. "न्हाई वाटत."

दलाल तोंड उघडणार की मिटणार हे कळायच्या आतच मागून गर्दी फाकली. आनंदराव आले. एका हातात बैलाचा कासरा, मागं सगुणाबाई गाय घेऊन.

"हे काय?" सर्कलसाहेब म्हणाला.

"गुन्हेगार आणलेत. पठारावर चरलेत."

"आनंदराव, तुम्ही कुळवाडी माणूस, शेतकरी. तुमचा काय संबंध या भानगडीत?"

"सायेब, शेण त्यांचं, राब माझा. कवळ जंगलातली, भात माझं. तुमी आत कुणाला कोंडलंय ते तुमालाच ठावं न्हाई." त्यांनी कासरा कुंडलिकाच्या हातात कोंबला. "घे."

त्यांच्यामागं पालवणच्याच गेनबाचा बैल होता. गेनबामागं विंझरची माणसं. विंझरच्या मागं ओढ्यापर्यंत कासरे, शिंगं, घुंगुरमाळा. एकाने तर कोंबडी आणली होती. तिच्यावर जंगलखात्याचा काय गुन्हा बसतो, याची रांगेत बरीच चर्चा झाली.

कुंडलिक फाटकाला पाठ लावून उभा राहिला. आत जनावर जनावराला लागलं होतं, दगडाची भिंत एके ठिकाणी पोट काढून फुगली होती. त्याने दोन्ही हात पसरले आणि सगळ्या खोऱ्याला ऐकू जाईल असा ओरडला:

"जागा न्हाईऽऽ!"

रायबा हसायला लागला. त्याला हसू आवरेना. पुण्याच्या रस्त्यावर त्याने हेच शब्द ऐकले होते, तेव्हा त्याच्या पाठीवर पोतं होतं. आता त्याने बायकोकडं पाहिलं. चंद्राबाई हसत नव्हती. ती मान ताठ करून ती रांग बघत होती, लग्नात आपल्या माहेरची माणसं येताना बघावीत तशी.

दलालाचा ट्रक केव्हा निघून गेला ते कुणी पाहिलं नाही.

"लिलाव तहकूब," सर्कलसाहेब म्हणाला. मग हळू आवाजात जंगलखात्याच्या साहेबाला म्हणाला, "वर तुम्हीच कळवा. मी हे कसं लिहू?"

मग

मामलेदार आला. मामलेदारावरचा आला. तो पठारावर चढला, दमला, भामाबाईच्या हातचं ताक प्याला. म्हणाला, दगड चुकीच्या जागी दिसतात. दगड निघाले, पठारावरच्या झऱ्याच्या वर खूप लांब गेले. झऱ्याखालचं कुरण ढवळदऱ्याला, कवळ पालवणाला आणि विंझरला. दंड कुणी भरला नाही. अंगठा कुणी उठवला नाही.

जनावरं सुटली त्या दिवशी ढवळदऱ्याची माणसं नेहमीसारखी गावाला वळसा घालून ओढ्याच्या अंगाने निघाली होती. धनगरांचं खिल्लार आळीतून जात नसे. आनंदराव आडवे झाले. "हिकडनं. आळीतनं." खिल्लार आळीतून गेलं. दारोदार शेणाचे पो पडले आणि पालवणच्या बाया टोपल्या घेऊन धावल्या. एका पोवरून दोघींची जुंपली. भामाबाईने मधे पडून सांगितलं, "भांडू नगा, भुरी अजून मागं हाय."

दगड हलले, हे मोठंच. पण हललेले दगड पुन्हा खालीही सरकू शकले असते. वाडे आणि गावं त्या उन्हाळ्यात उंबराखाली एकत्र बसायला शिकली होती. लिलावाचं प्रकरण मिटल्यावरही ती अमावस्येला बसत राहिली. कधी बंधाऱ्यासाठी, कधी मास्तरासाठी, कधी नुसतीच एकमेकांच्या तक्रारी सांगायला. पुढं नव्या कायद्याची ग्रामपंचायत आली. तीत दोन जागा बायांना राखलेल्या होत्या. कोण उभं राहणार, असं सरकारी माणूस विचारायला आला, तेव्हा त्याला कुणाच्या दारी जावं लागलं नाही. सगळे उंबराखाली सापडले.

हैबती, चावडीत

महाराष्ट्र राज्य झालं त्याच उन्हाळ्यात पालवणच्या नव्या पंचायतीची सभा चावडीत भरली. हैबतीला आयुष्यभर चावडी बाहेरून माहीत होती. धनगराने पायरीखाली उभं राहायचं, आतलं आत ठरायचं, आणि ठरलेलं कुणीतरी बाहेर येऊन सांगायचं. आज तो आत भिंतीशी बसला होता. सभा उघडी होती, ज्याला ऐकायचं त्याने ऐकावं.

समोर सतरंजीवर पंच होते. सरपंच आनंदराव. ढवळदऱ्याच्या जागेवर निवडून आलेला सावळा, धुतलेल्या धोतरात. बायांच्या जागेवर चंद्राबाई. कोपऱ्यात सरकारी माणूस दौत-टाक घेऊन. विषय कोंडवाड्याचा होता. तो आता पंचायतीकडं आला होता.

"फाटक काढून टाका," चंद्राबाई म्हणाली. "भिंत पाडा. त्या दगडात शाळा हुईल."

"शाळा हुईल, आन रब्बीत जनावरं शिरली तर कुठं घालायची? शाळंत?" सावळा म्हणाला. "कोंडवाडा पायजे."

"तुमाला पायजे? तुमी आत शिरून परत आला, तरी?"

"म्हनूनच पायजे! म्या बघितलाय आतनं. वाईट चालवला म्हनून वाईट. आता आपुन चालवायचा. वैरण धरून, पाणी धरून. ज्याचं पीक गेलं त्यो बी मानूसच हाय, चंद्रा. आनंदरावाचं पीक खाल्लं तर त्यानं काय करायचं?"

"बोलवायचं की उंबराखाली. भरपाई ठरवायची. जनावरानं काय गुन्हा केला?"

"तू मधी..."

"मधी न्हाई, पुढं बोलतीया. माजी पाळी हाय."

सभा हसली. सावळाही तोंड वळवून हसला आणि पुन्हा मुद्द्यावर आला. त्याचा मुद्दा चांगला होता. मग चंद्राबाईचाही चांगला होता. विंझरकडच्या वाडीचा पंच सावळाच्या बाजूला गेला, आनंदराव चक्क चंद्राबाईच्या. भिंतीशी बसलेल्यांतही दोन तट पडले. रायबा मागून बायकोला काहीतरी सुचवू लागला, तेव्हा भामाबाईने त्याला कोपराने गप्प केलं.

हैबती ऐकत होता. याच आवाजात ही दोघं घरात भांडत. तेव्हा म्हशीवरून, मिठावरून. आता त्यांच्या भांडणावर अख्ख्या गावाच्या कोंडवाड्याची भिंत उभी राहणार होती किंवा पडणार होती. आणि बाहेर पायरीखाली कुणीच उभं नव्हतं.

आवाज चढले. आनंदरावांनी हात जोडले.

"हैबतीबुवा, तुमच्या घरातलं भांडण हाय. तुमीच मिटवा."

"घरात आसतं तर मिटवलं आसतं," हैबती म्हणाला. "हितं मला काय इचारता? म्या पंच न्हाई."

"आवो, पर वडीलधारे म्हनून सांगा. तुमचा कौल कुनाकडं?"

"माजा कौल म्या मतपेटीत टाकला, सरपंच. ह्या दोगांवरच टाकला. आता तुमी हात वर करून ठरवा." हैबतीने आपला वाकडा हात मांडीवर नीट ठेवला आणि भिंतीला पाठ टेकली. "आन घाई करू नगा. भांडू द्या त्यांस्नी. जरा जोरात भांडू द्या, त्या कोपऱ्यातल्या सायबाला समदं लिवून घेता आलं पायजे."